राहून गेलेला ‘ॲड’

देवानंदभाऊ गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी वरोऱ्याच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. जुन्या दवाखान्याच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही दोन हात जोडून टाकले आणि चहा संपवला. त्याला दीड महिना झाला. ते हात मला अजून टोचतात, कारण त्या माणसाला मी जे देणं लागत होतो ते हे नव्हतं...

चंद्रपूरच्या एका खासगी दवाखान्यात आम्ही दोघं सर्व्हर सांभाळायचो. भाऊ सावली गावचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आमच्याकडे मोठी यंत्रं दोनच, पण एकेकाच्या पोटात दहा-बारा सर्व्हर चालायचे: नोंदणी, लॅब, एक्स-रे, औषधं. आणि प्रत्येक यंत्राला नेटवर्कची वायर लावायला जागा फक्त दोन. त्यातून लोकांचं रोजचं काम, डिस्कवरची साठवण, सर्व्हर एका यंत्रातून दुसऱ्यात हलवणं आणि आमचं नियंत्रण, असं सगळं न्यायचं. साहेब म्हणायचे, सोडा एकत्रच. भाऊ हटून बसले आणि प्रत्येक प्रकाराला त्यांनी वेगळा नंबर दिला. मला उमजेना तेव्हा हसले. “अरे, गडचिरोलीची यष्टी पाह्यली नाई का? दार एकच, पण मूल गावचा मूलले उतरते, सावलीवाला सावलीले. नंबर म्हणजे तिकीट. दोनच वायरी हाय म्हणून काऊन रडून राह्यला?”

कोणते नंबर वायरीतून जाऊ द्यायचे त्याची यादी स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जुळतात त्या पेटीत, असते. यादीत नवा नंबर घालताना आधी ‘ॲड’ लिहावं लागतं. नाही लिहिलं तर जुनी यादी पुसली जाते आणि नवा तेवढा उरतो. भाऊंनी हे मला दहादा बजावलं होतं. “तो शब्द सुटला त सारे पॅसेंजर खाली, अन् नवा एकटा गाडीत!”

बॅकअपसाठी पाचवा नंबर घालायचा होता. भाऊ म्हणाले, रविवारी करू. मला मात्र आपणही काही कमी नाही हे दाखवायची खुमखुमी. दुपारी ते डबा खायला गेले, त्यांचा स्क्रीन उघडाच होता. मी बसलो, सगळ्या वायरींना एकदमच हुकूम सोडला... आणि ‘ॲड’ राहिला.

तासभर दवाखाना ठप्प. नोंदणीच्या खिडकीवर आरडाओरडा, लॅबचे रिपोर्ट अडकलेले. भाऊ धावत आले, केबल लावून स्विचसमोर बसले आणि सगळं पूर्ववत केलं. साहेबांनी विचारलं, “कोणाच्या लॉगिनवरून झालं?” भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी की-बोर्डवरची धूळ पुसत होतो. खरंच पुसत होतो, भेकडासारखा. भाऊ म्हणाले, “माह्याच लॉगिनवरून, साहेब.” त्यात खोटं काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांना गडचिरोलीच्या शाखेत जुनी कागदपत्रं स्कॅन करायला पाठवलं आणि त्यांची खुर्ची मला मिळाली.

सांगू, नोकरी पक्की झाली की सांगू, असं म्हणत तीन वर्षं गेली. मधे मूल गावी एका लग्नात भाऊ भेटले. वाळले होते. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “बाकी?” मी म्हटलं, “बाकी काही नाही, भाऊ.” त्यांनी रुमालाने हात पुसले. मग म्हणाले, “बरं.” पुढे मी चंद्रपूर सोडून वरोऱ्यात नोकरी धरली, पण फोन नंबर तोच होता, त्यांचाही आणि माझाही.

मागच्या रविवारी सावलीला भाऊंच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं, नाव विचारलं, आणि माझं नाव ऐकून माझ्याकडे बघतच राहिल्या. “तुम्हीच का ते? बिमार पडल्यापासून फोन वाजला का पह्यले इचारत, त्याचा हाय का म्हणून. आम्ही नाई म्हटलं का भिंतीकडे तोंड करत.”

मग मी सांगितलं. शब्द कसा राहिला, मी धूळ कशी पुसत बसलो, सगळं.

“मले ठाऊक हाय,” वहिनी म्हणाल्या. “त्याइलेही ठाऊक होतं. तुमच्या तोंडून आयकाचं होतं त्याइले.”