हॉर्न मार, पोरी

भर रस्त्यात उजवा हात वर करून आबा उभे राहायचे आणि ओरडायचे, "हॉर्न मार, पोरी! चांगला दाबून मार!"

माझी शाळेची व्हॅन आहे. मळवली, भाजे, पाटण या बाजूची मुलं गोळा करून लोणावळ्याच्या शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची, हे माझं काम. गाडी बाई चालवते म्हणून मागून हॉर्न मारणारे मला रोज भेटतात. पण समोर उभं राहून मलाच हॉर्न मारायला सांगणारा माणूस आयुष्यात तो एकच भेटला. डाव्या हातात दोर, दोराच्या टोकाला एक तांबडं मादी शिंगरू, कान टवकारलेलं, चारी पाय थरथरणारे. मी हॉर्न दाबायची. शिंगरू उधळायला बघायचं. आबा मात्र जागचे हलायचे नाहीत. ते शांत झालं की सदऱ्याच्या खिशातून गुळाचा खडा काढून त्याच्या तोंडापुढे धरायचे आणि मला म्हणायचे, "जा आता. उद्या परत ये." जशी काही मी त्यांच्याच कामावर होते!

मुलांची तर चंगळ झाली. घरात ओरडू नका, वर्गात ओरडू नका, असं ऐकून कंटाळलेली ती पोरं, आणि इथे एक म्हातारा माणूस हात जोडून सांगतोय, "वरडा रं पोरांनो, डबं वाजवा!" मग काय विचारता! डबे वाजले, छत्र्या फटाफट उघडल्या, वेफर्सची पाकिटं कुरकुरली. शाळेला उशीर व्हायला लागला. मोठ्या बाईंनी कारण विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बहाणा तरी बरा शोधा."

आबांना त्या भागात सगळे आबाच म्हणत. सारा जन्म त्यांनी लोणावळ्याच्या पॉइंटवर घोडा फिरवण्यात घालवला होता. पाहुण्याला वर बसवायचं, कठड्यापर्यंत न्यायचं, फोटो होईतो थांबायचं, माघारी आणायचं. "टोकापातूर न्ह्यायचं आन परत आनायचं," ते सांगायचे, "घोडं बी तेच, मी बी तोच. कुटं ग्येलो म्हनशील तर कुटंच न्हाई." मग मळवलीजवळ फार्महाऊस घेतलेल्या पुण्याच्या एका साहेबाला लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीचा नाद लागला. त्याने तीन कोवळी जनावरं आणली आणि तयार करायला आबांना ठेवलं.

तुम्ही घोड्यांच्या शर्यती पाहिल्या असतील. हे तसं नसतं. डोंगर, ओढे, चिखल, डांबरी रस्ता असं सगळं तुडवत दिवसभर जायचं. मध्ये मध्ये डॉक्टर घोड्याच्या छातीला नळी लावतो. धडधड ठरल्या वेळात खाली आली नाही, तर घोडं तिथेच बाद, मग ते कितीही पुढे असो. आबांना हे ऐकून कोण आनंद झाला होता! पळवायला काय, कुणीही पळवतं, असं त्यांचं मत होतं.

तांबडीच्या पाठीवर त्यांनी खूप दिवस कुणाला बसूच दिलं नाही. स्वतः पायी तिला घेऊन निघायचे. भाजे गाव, वर गायमुख खिंड, पलीकडे उतरून पवनेचं पाणी, आणि परत. आल्यावर तिच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, बरगडीवर तळवा टेकवून डोळे मिटायचे. "उतरतंय… उतरतंय…" आतली धडधड निवेपर्यंत हात काढायचे नाहीत. एकदा चढावर माझ्या गाडीचं पाणी उकळलं, बॉनेटमधून वाफा निघाल्या. आबा आले, बॉनेटवर जपून तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "उतरतंय." पोरं हसून हसून बेजार झाली.

घोड्यांशी ते अहोजाहो करायचे आणि माणसांशी अरेतुरे. "चला बाईसाहेब, दमला का?" हे तांबडीला. "काय रं साहेब, कवा आलास?" हे मालकाला. मालक बिचारा नवा होता, त्याला वाटायचं, इकडची रीतच असेल.

आबा दचकायचे नाहीत. कधीच. एका दिवाळीत गावातल्या टारगटांनी त्यांच्या पाठीमागे सुतळी बॉम्ब लावला. कावळे उडाले, कुत्री पळाली, मी स्वतः किंचाळले. आबांनी मान वळवून शांतपणे विचारलं, "अजून हाय का एक? बाईसाहेबांसाठी पायजे व्हता." वर आम्हाला शिकवण, "आपन दचकायचं न्हाई. आपनच दचाकलो, तर जनावर कुनाकडं बघंल?"

हळूहळू तांबडी बदलली. आधी थरथरायची, मग नुसते कान हलवायची, मग तेही थांबलं. पुढे पुढे तर हॉर्न वाजला की तीच गाडीकडे चालत यायला लागली, ओठ पुढे काढून, गुळासाठी. माझ्या खिडकीतून आत तोंड घालायची. ट्रक असो, एसटी असो, हॉर्न वाजला की बाईसाहेब हजर. आबांची छाती अशी फुगायची, की त्यांच्याच कोपरामागे हात ठेवून बघावा.

त्यांच्या घरी एकदा चहाला थांबले होते. मावशी, म्हणजे त्यांची बायको, शेजारच्या बंगल्याची देखभाल करायची. कमी बोलणारी बाई. चहाचा कप पुढे करत म्हणाली, "जनावराला थोडं तरी भ्या पायजे. भ्याला बी काम असतं."

"तुजं भ्या तुज्यापाशी ठेव," आबा म्हणाले. आम्ही दोघं हसलो. मावशी हसली नाही.

मग एका पावसाळ्याच्या तोंडाशी साहेबाने सांगून टाकलं. दिवाळीनंतर तांबडीची पहिली मोठी दौड. ती पुरी केली तर घोडे राहतील. नाहीतर तिघांनाही विकून तबेल्याच्या जागी पोहण्याचा तलाव करायचा, कारण येणारे मित्र घोड्याचं नाही, पाण्याचं विचारतात. आबांनी मला हे व्हॅनच्या खिडकीशी उभं राहून सांगितलं. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू. "तलाव बिलाव मरू दे गं. माज्या हातचं येक तरी घोडं लांब जाऊ दे. कठड्याच्या फुडं." एवढं बोलून त्यांनी हात वर केला आणि नेहमीसारखे ओरडले, "मार हॉर्न!"

आबा हात वर करून उभे राहायचे ते वळण अजून आहे. मळवली स्टेशनहून भाज्याकडे निघालात की रस्ता डावीकडे कलतो, तिथेच चहाची टपरी आहे. त्याच वर्षीच्या श्रावणातला रविवार होता. धुकं असं उतरलं होतं, की हात लांब केला तर बोटं दिसेनात. आणि असल्या दिवशीच मुंबई-पुण्याच्या गाड्या आमच्याकडे धुकं बघायला येतात. साहेबाकडे आलेल्या पाहुण्यांनी बाहेर पडताना फाटक उघडंच टाकलं. तांबडी बाहेर आली आणि सरळ त्या वळणावर जाऊन उभी राहिली. तिला दुसरी कुठली जागा माहीत होती?

टपरीवाल्याचा फोन आला म्हणून मी धावत गेले. गाडी आडवी झाली होती, पुढची काच फुटली होती. ती चालवणारा विशी-बाविशीचा मुलगा रस्त्याच्या कडेला उभा होता. जो येईल त्याला तेच सांगत होता.

"काका, मी हॉर्न देत होतो. लांबूनच देत होतो. वाटलं, बाजूला होईल. ती बाजूला झालीच नाही. ती… ती माझ्याकडेच चालत आली."

"घोडंच येडं व्हतं," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. "येडंच. न्हाईतर हॉर्नला कोन थांबतं?"

त्या गर्दीत या बोलण्याचा अर्थ दोघांनाच कळला. मी आबांकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही. ते चिखलात गुडघे टेकून बसले होते आणि तळवा आडव्या पडलेल्या तांबडीच्या कोपरामागे होता. डोळे मिटलेले. मी वाट बघत राहिले, आत्ता म्हणतील, आत्ता म्हणतील. उतरायचं होतं ते सगळं उतरून गेलं, तरी हात तिथेच राहिला. शेवटी मावशीने येऊन तो उचलला. कुण्या लहान मुलाचा उचलावा तसा उचलला, आणि त्यांना घरी नेलं.

त्या घोड्याला कुणी येडं म्हटलं, याचा मला आजही संताप येतो. तिच्याइतकं शहाणं जनावर मी पाहिलं नाही. जे शिकवलं ते ती शेवटपर्यंत बरोबर करत आली. आबांनी मला चुकूनही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. भांडायला तरी मिळालं असतं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला रडू आलं, दोन दिवस तो जेवला नाही म्हणे. मग बाकीची दोन जनावरं विकली आणि तलाव खणला. दिवाळीपर्यंत त्यात निळी फरशीही बसली. शनिवार-रविवारी रस्त्यावरून पोरांचे चीत्कार ऐकू येतात.

आबा त्यानंतर टपरीवर बसायचे. काम नव्हतं. पॉइंटवर परत ये म्हणून जुने सोबती बोलवायला आले, तर त्यांच्याशी ते अहोजाहो करून बोलले. तेव्हाच मी समजून चुकले, की हा माणूस आता परत येत नाही.

थंडीतली एक सकाळ. मुलं गाडीत होती. वळणावर एक गाय आडवी आली आणि मी सवयीने हॉर्न दाबला.

बाकावर बसलेले आबा दचकले. अंग काड्कन आखडलं, हातातला ग्लास पडून फुटला, चहा धोतरावर सांडला. मुलं हसली नाहीत. मी उतरून जवळ गेले. त्यांचा हात खिशात गेला होता आणि तिथेच अडकल्यासारखा झाला होता.

"मार की, पोरी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "रस्ता हाय. मारावाच लागतो."

पुढच्याच आठवड्यात मावशी त्यांना तळेगावला मुलीकडे घेऊन गेली. तिथे गाड्यांची वर्दळ कमी आहे का, असं मी विचारणार होते, पण तळेगाव मला माहीत आहे, म्हणून विचारलं नाही. घराला कुलूप घालताना मावशी म्हणाली, "मी तवा बोलाया नको व्हतं." एवढंच बोलली. खरं बोलल्याचा पस्तावा झालेली बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

माघ संपता संपता निरोप आला. आबा झोपेतच गेले.

आता त्या वळणावर मी हॉर्न वाजवत नाही. गाडी जवळजवळ थांबवते, आणि मगच पुढे काढते. मुलंही तेवढं अंतर गप्प बसतात. मी कधी सांगितलेलं नाही. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत राहतात.