दुसऱ्यांदा उघडलेली दाढ

"ज्यानं केलं, त्यानं त्या वेळी बरोबरच केलं असेल." दुसऱ्याने रूट कॅनाल केलेली आणि तरीही ठणकणारी दाढ उघडण्यापूर्वी तो हे हमखास म्हणे. लोकांना हा त्याचा मोठेपणा वाटे. ती दाढ बहुधा माझ्या हातची असे. त्यामुळे हा मोठेपणा मला फार जवळून सोसावा लागला.

आम्ही दोघेही भिवंडीतले दंतवैद्य. ऐंशीच्या दशकात अशा दाढा तो फक्त शुक्रवारी घेई. 'जुम्म्याला डॉक्टरच्या हाताला बरकत असते,' हे तुम्हीही ऐकले असेल. साफ चूक. त्याचा दवाखाना लूमच्या कारखान्यावर होता. माग चालू असले की जमीन थरथरे आणि मुळातले जुने भरण काढताना सुईचा अंदाज बोटांना येत नसे. शुक्रवारी माग बंद. यात बरकत कसली? माझा दवाखाना बाजारात, पक्क्या जमिनीवर. मला सातही दिवस सारखे.

एका शुक्रवारी माझी बायको वज्रेश्वरीला म्हणून गेली आणि अर्धा ओठ बधिर करून परतली. दंतवैद्यापासून ते लपते थोडेच!

"देवीच्या दारी इंजेक्शन देतात वाटतं?"

"अहो, दाढ दुखत होती."

"मग मला सांगायचं!"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, माझं काम आहे, दुखणारच नाही. त्यांनी विचारलं, भाभी, कुठं दुखतं?"

पुढच्या शुक्रवारी मी तिच्याबरोबर त्याच्या दवाखान्यात गेलो, उलटतपासणीच्या तयारीने. त्याने स्टूल पुढे केले.

"बसा डॉक्टरसाहेब. मुळात चौथी नळी सापडली. एकदम छुपी रुस्तम!"

"बाकीच्या तीन मी चोख भरल्या होत्या."

"म्हणून तर दाढ टिकली. वरना मी उघडलं काय असतं?"

आ वासून पडलेली माझी बायको तशीच हसली. माझ्या खुर्चीत ती कधी हसली नव्हती.

'नवऱ्याने बिघडवलेली दाढ त्याने वाचवली' असे जे आजही सांगत फिरतात, त्यांनी त्याचे हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

नव्वदचे दशक सरता सरता तो अचानक गेला. मयतीला गर्दी अफाट होती. माझ्या वाट्याला तेवढी येणार नाही. घरी परतलो. बायकोने ताटे वाढली. भाकरीचा कडक पापुद्रा तिने त्याच दाढेखाली धरला. ती कळवळेल म्हणून मी हातातला घास हातातच धरून थांबलो.

ती कळवळली नाही.