दादाच्या पायाचं कुणी विचारलं नाही

कट्टा गावच्या एसटी स्टँडवर शिंप्याच्या दुकानासमोर एक लांब बाकडं होतं. गाडीची वाट बघायला म्हणून ठेवलेलं, पण गाडीची वाट बघणारं माणूस त्यावर बसलेलं मला कधी दिसलं नाही. तिथे बसायचे कबड्डीचे शौकीन. आम्ही मालवणला कॉलेजात जाणाऱ्या मुली उन्हात उभ्या, आणि हे बाप्ये सावलीत बसून कुणाच्या पिंढऱ्या कशा नि कुणाचा दम केवढा यावर सकाळपासून तोंडाची वाफ दवडणार. मला त्यांचा भयंकर राग यायचा. पण कान मात्र तिकडेच असायचे, कारण निम्मं बोलणं माझ्या सख्ख्या भावाबद्दल असे.

दादा आमच्या गावच्या संघाचा चढाईचा गडी. समोरच्या सात जणांत घुसून, हात लावून परत येण्यात त्याचा हात धरणारा आजूबाजूच्या गावांत कुणी नव्हता. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. "ह्या शिकान येणारा न्हय," शिंपी टेप गळ्यात तशीच ठेवून सांगायचा, "जल्माक येतानाच घेवन इलोलो आसा तो." मग दुसरा म्हणायचा, "दम बघलास त्येचो? आपण दोनदा श्वास घेतलो तरी ह्येचा कबड्डी कबड्डी चालूच." बाकड्याच्या टोकाला माझे बाबाही असत. ते गप्प बसून ऐकायचे आणि मिशीत हसायचे. गिरणीच्या संपात त्यांची मुंबईची नोकरी गेली, खोली गेली, आणि ते गावी येऊन बसले तेव्हापासून त्यांना हसायला एवढंच उरलं होतं.

त्याच बाकड्याला लागून वाण्याचं दुकान होतं आणि तिथे एक माणूस कांदे-बटाटे तोलायचा. पलीकडच्या गावचा. एके काळी तोही जिल्ह्याकडून खेळलेला, त्याच्याही नावाने माणसं शिट्ट्या मारायची म्हणे. एका पकडीत त्याच्या गुडघ्याची वाटी सरकली. आता तो एक पाय फेकत फेकत गोणीपर्यंत जायचा आणि यायचा. हे बाकड्यावरचे शहाणे त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "त्येचो पाय पयल्यापासूनच कच्चो हां. आंगात खेळ नाय तो नायच." ह्याच लोकांनी त्याला कधी काळी खांद्यावर घेतलं होतं. मी त्याच्या पायाकडे बघू नये म्हणून एसटीच्या पाटीकडे बघत राहायची, तरी नजर जायचीच.

त्या वर्षी दादासाठी मुंबईहून निरोप आला. आमचे मामा ज्या कंपनीत होते, तिचा कबड्डीचा संघ होता आणि चांगल्या गड्याला कंपनी कायमची नोकरी द्यायची. शिमगा झाला की निवड. आईने तर आत्तापासूनच त्याची बॅग काढून उन्हात घातली. दादाच्या ताटातली भाकरीही जाड झाली. आमच्या घराचं सगळं आता त्या दोन पायांवर उभं होतं आणि हे घरातलं प्रत्येक माणूस जाणून होतं.

आणि नेमकी तेव्हाच गावची स्पर्धा. उपांत्य सामन्याच्या आधी सरावात कुणीतरी दादाचा घोटा धरला, दादा एकीकडे वळला आणि पाय दुसरीकडे राहिला. संध्याकाळी तो मागच्या दाराने घरात शिरला. चुलीपुढे येऊन हळूच म्हणाला, "गो, मीठ गरम कर. आयेक सांगू नको." गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. मी फडक्यात मीठ बांधून शेक दिला, आंबेहळद उगाळून लावली. तो दात आवळून बसला होता आणि मधूनच हसत होता. दादा दुखलं की हसायचा, लहानपणापासून.

तशाच पायाने तो उपांत्य सामना खेळला आणि संघ जिंकला. पण लंगडणं कुठे लपतं? दुसऱ्या दिवशी बाकड्यावर नुसती रणधुमाळी. "गुडघो म्हणजे काय काचेचो आसा? शेकलो काय झालो बरो." "नको रे, पोराची नोकरी आसा थंय." "नोकरी आसा म्हणान गावाचो मान घालवूचो?" "उपजत गड्याक दुखापत लागणाच नाय, सांगतंय मी." शिंप्याचं हे शेवटचं वाक्य ऐकून मला वाटलं, जावं आणि त्याची कात्री त्याच्याच टेबलात खुपसावी. बाबा त्या दिवशी हसत नव्हते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "देवाक इचारूया." आणि सगळ्यांना ते एकदम पटलं.

आमच्याकडे हे असंच. विहीर कुठे खणायची, मुलीला कुठलं स्थळ बघायचं, सगळं देवाला विचारायचं. देवळात गुरव पाषाणाला पाकळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला खड्या आवाजात सगळी हकीकत सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्या "व्हय"शिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मग वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. आणि एकदा कौल मिळाला की तो मोडायचा नाही. तो मोडलेल्या घरांच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो होतो. कुणाचा हात वाळला, कुणाचं पोर विहिरीत गेलं. दिवसाउजेडीसुद्धा त्या गोष्टी आठवल्या की मी भिंतीला पाठ लावून बसायची.

देऊळ माणसांनी भरलं. आम्ही बायका दाराशी. मानकऱ्याने हात जोडले आणि आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इली हत. गावाच्या नावान खेळतत. परक्यापुढे गावाची मान खाली जावक देव नको. तुजो हुकूम आसात तर उजवो दी." प्रत्येक तुकड्याला देऊळ घुमलं, "व्हय म्हाराजा." त्या आवाजात बाबांचाही आवाज होता, तो मला वेगळा ओळखू आला. मी वाट बघत होते की आता पायाचं विचारतील. आता विचारतील. पण मानकऱ्याने गाऱ्हाणं आटोपलं, आणि उजवीकडची पाकळी टपकन खाली पडली.

देवळात आनंदाला उधाण आलं. देवाला गावाच्या मानेचं विचारलं होतं. माझ्या भावाच्या गुडघ्याचं कुणी विचारलंच नव्हतं.

घरी आल्या आल्या मी बाबांना म्हटलं, "पायाचा कोणीच इचारल्यान नाय." बाबा टोपी खुंटीला लावत होते. त्यांनी ती सरळ केली. मग म्हणाले, "एकदा उजवो दिल्यार परत इचारूचा नसता." त्यांचा आवाज कोरडा होता. जेवायला बसले आणि भात नुसता चिवडून उठले. तेव्हा मला कळलं की बाबासुद्धा घाबरलेत, आणि मग माझी भीती दुप्पट झाली. बाप घाबरला की घरात धरायला काही उरत नाही.

अंतिम सामना दुपारी उन्हं कलल्यावर होता, शाळेच्या मैदानात. मी चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे मैदानाच्या कुंपणाच्या भिंतीवर, बायकांत बसले. माझ्या मागे बाकड्यावरचे सगळे शौकीन उभे, त्यांची तोंडं चालूच. समोरच्या संघाला दादाच्या पायाची खबर लागली होती. त्यांचा कोपऱ्यातला एक दांडगा गडी दर चढाईला त्याच पायावर झेपावत होता, दुसरीकडे बघतसुद्धा नव्हता. दादा जायचा, मी डोळे मिटायची. ओरडा झाला की उघडायची. आई तर आलीच नव्हती, ती घरी देवासमोर समई लावून बसली होती. मध्यंतराला आम्ही पुढे होतो आणि मागून शिंपी म्हणत होता, "बघलास? देवान सांगितलोलो."

दुसऱ्या डावात त्या दांडग्याने पकडलंच. घोटा दोन्ही हातांत घट्ट, वर आणखी दोघे. दादाने तिघांना ओढत नेलं आणि बोटं रेषेला लावली. मैदान नाचायला लागलं. पोरं उठली, दादा उठेना. मग उठला, आणि हसला. त्याचा गुडघा मला तिथून दिसत होता, तो नको त्या बाजूला कलत होता. आणि पंच खेळ पुढे सुरू करायला बोलावत होते, आणि तो निघाला होता.

तेवढ्यात मैदानात एक माणूस चालत आला. मला आधी कळलंच नाही कोण ते. बाबा. पायात चपला, धोतराचा सोगा हातात. पंचांनी शिट्टी फुंकली, पोरं "ओ काका, ओ काका" करत आडवी आली. बाबा कुणाशीही न बोलता दादापर्यंत गेले आणि त्याचं मनगट धरलं.

"चल घराक."

"बाबा, सोडा. देवान उजवो दिल्यान हा."

"देवाक काय सांगूचा ता मी सांगतंय. तू चल."

मानकरी खुर्चीतून उठून म्हणाला, "अरे, कौल मोडतंस? सगळ्या गावाच्या देखत?" बाबांनी मान वर केली. "मोडतंय," ते म्हणाले. "त्येचा काय होयत ता माजा." आणि एवढ्या मोठ्या, सगळ्या गावाच्या लाडक्या गड्याला लहान पोरासारखं हाताला धरून ते मैदानाबाहेर घेऊन आले. माणसं बाजूला झाली. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "आता बघा, देव काय करता तो."

आम्ही हरलो. रात्रभर आमच्या अंगणात कुणी फिरकलं नाही. दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई रडत होती, आणि मध्येच रडणं थांबवून त्याच्या कपाळाला हात लावून बघत होती, ताप तर नाही. कौल मोडला होता, आता देव तो कुणाकडून आणि कसा वसूल करणार, याचाच आम्ही सगळे विचार करत होतो. दादाचा पाय पुढे बरा झाला. थोड्या महिन्यांनी निवड झाली आणि त्याला नोकरीही लागली. पण हे सगळं नंतरचं. त्या रात्री आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

सकाळी बाबा आंघोळ करून आले, नारळ घेतला आणि मला म्हणाले, "चल गो." देवळात गुरव होता. त्याने नारळ घेऊन देवापुढे ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "गाववाल्यांशिवाय गाऱ्हाणा घालूचा नसता." एवढं बोलून तो बाहेर निघून गेला. देवळात फक्त बाबा, मी आणि पाषाण. बाबांनी टोपी काढून काखेत धरली, हात जोडले आणि स्वतःच सुरू केलं. त्यांना मानकऱ्यासारखं येत नव्हतं, मध्येच अडत होते.

"देवा म्हाराजा, तुजो कौल मोडलो तो मी. पोरान नाय."

ते थांबले. कुणीतरी "व्हय" म्हणायला हवं होतं. मी पुटपुटले, "व्हय म्हाराजा." बायकांनी हे म्हणायचं नसतं, पण दुसरं होतं कोण?

"तेका अजून चलाचा आसा. धावाचा आसा. माजा काय, आता बाकड्यार बसाचाच. जा काय करशीत ता माज्या पायांचा कर. तेच्या नको."

मला शब्द फुटेना. मी "व्हय" म्हटलं नाही तर गाऱ्हाणं अर्धं राहणार आणि सगळं दादावर येणार. म्हटलं तर माझ्याच तोंडाने मी बाबांचे पाय देवाला देणार. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते नुसते उभे होते, हात जोडून, आणि त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

"म्हण गो बाये," ते हळूच म्हणाले.

आणि मी म्हटलं.