मोफत शिक्षा

“छंदानं पोट भरत नाही,” असं सांगणाऱ्यांची पोटं मी पाहिली आहेत. चांगली सुटलेली असतात.

मला लहानपणापासून अक्षरं रंगवायचा नाद. फ्लेक्सच्या जमान्यातही रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या दुकानांच्या पाट्या मी ब्रशनं लिहिते, आणि त्यावर माझं भागतं. एका मैत्रिणीचं शिवणाचं दुकान आहे, त्याच्या ओट्यावर माझे रंगाचे डबे असतात. तीच शिडी धरते, स्कूटरवर मागे बसवून कामासाठी पार अभनपूर गावापर्यंत नेते. पण बाबांनी सिलतऱ्याच्या कारखान्यात, ऑफिसात माझी नोकरी ठरवून टाकली. सोमवारपासून. मला न विचारता!

बाबांचे मित्र आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, “मंडळाची पाटी झकास करून दे, मी तुझ्या बाबाले समजावतो.” मी हुरळले. मजकूर हातात आला: ‘येथे मुलांना मराठीची मोफत शिक्षा मिळेल.’

“काका, हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणं. मराठीत पोट्टे मार खातील!”

“रायपुरात सगळ्याईले समजते. तू फक्त रंगव. डोकं काहून चालवून राहिली?”

माझं टाळकंच सरकलं. मराठी वाचवायला निघालेल्या मंडळाला मराठी नको, आणि माझा हात हवा, डोकं नको. मैत्रिणीला अर्थ सांगितला तेव्हा ती इतकी हसली की शिडी हलली. मग म्हणाली, “मत लिख. हाथ तेरा है, तो नाम भी तेरा ही खराब होगा.”

मी ‘मोफत शिक्षण’ लिहिलं. ठळक, लाल रंगात.

काकांनी पाटी पाहिली आणि तिथूनच बाबांना फोन लावला. मी घरी पोचले तेव्हा बाबा दारातच उभे होते. काय झालं, हेसुद्धा विचारलं नाही.

“बस झाली तुझी रंगरंगोटी. सोमवारी कंपनीची गाडी येईल. गुपचूप बसायचं.”

“बसते. पण बाबा, आधी गुन्हा काय केला, तेवढं सांगा.”

ते आत निघून गेले.

सोमवारी गाडी दारात हॉर्न वाजवत राहिली म्हणे. मी अभनपूरला शिडीवर होते. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय मीही बोलणार नाही.