नऊ सेकंदांची साक्ष

दिवाणी न्यायालयात चौतीस वर्षे कारकुनी केल्यामुळे मूळ दस्त पाहिल्याशिवाय नकलेवर विसंबायचे नाही, ही सवय माझ्या हाडात भिनली आहे. म्हणूनच आमच्या हायस्कुलातील कंत्राटी शिक्षिकेने मला नववीच्या वर्गावर बोलावले. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती कशा तपासाव्यात, हा विषय. दूरच्या युद्धातली म्हणून गाजलेली एक चित्रफीत त्यांनी लावली: पडलेल्या घरापुढे रडणारा माणूस, खाली ‘काढून टाकण्याआधी पुढे पाठवा’ अशी हाक.

“आधी नुसतं बघा,” बाई म्हणाल्या. “रडू आलं तर रडा. मग प्रश्न विचारू. कोणी काढली, कधी, आपल्याकडून काय हवंय?”

शोधता शोधता ती जुनी आणि भलत्याच देशातली निघाली. मागच्या बाकावरची मुलगी माझ्याकडे वळली. “पण आजोबा, तो रडता तां खरां मां?”

“खरंच आहे,” उत्तर बाईंनी दिले. “म्हणून तर त्याचं रडणं दुसऱ्याच्या नावावर खपवायचं नाही.”

इतका नेमका युक्तिवाद मी न्यायालयातही क्वचितच ऐकला होता.

खिडकीतून कोणीतरी नऊ सेकंद टिपले; ‘रडू आलं तर रडा’ इथपर्यंतच. वर मथळा: शाळेत परक्यांसाठी रडायला शिकवतात. सातबाऱ्यावरची एक ओळ बदलली तर कोर्टात धावणारी आमची माणसे कापलेले वाक्य मात्र मुकाट गिळतात.

रविवारी देवळात देवाला सामूहिक साकडे घालणारे गाऱ्हाणे झाले. त्यातल्या प्रत्येक मागणीला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार द्यायची आमची रीत. ते संपताच शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी मोबाइल उंचावला आणि त्याच सुरात म्हटले, “असली बाई आमच्या पोरांका नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चित्रफीत न पाहताच अख्खा मंडप गरजला.

शेजाऱ्याने मला कोपराने ढोसले. “काकानू, तुमी होतात मां थंय? उठा, बोला मगे!”

मी उठलो नाही. नोटीस नाही, विषयपत्रिका नाही. तिथे बोलणे म्हणजे त्या बेकायदा सभेला मान्यता देणे. घरी येऊन चार पानी हरकत लिहिली आणि शिक्षणाधिकाऱ्यांना पोचपावतीसह पाठवली. पोचपावती आली, तोवर करार संपवल्याचे पत्र बाईंच्या हाती पडले होते.

एसटी स्टँडवर त्या म्हणाल्या, “तुम्ही वर्गात होतात. पुढे आपण प्रश्नही विचारले, एवढंच देवळात सांगायचं होतं.”

मी देवळातल्या सभेच्या अधिकारकक्षेचा मुद्दा समजावू लागलो. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि पिशवी उचलून त्या गाडीत चढल्या.