न झाडलेलं परसदार

वच्छीकाकी उलटलेला प्रत्येक दगड परत होता तसा ठेवायची. आषाढात इब्रामपूरच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर आम्ही सगळेच कोंगे वेचायला जायचो. दगड सरळ करत बसणारी ती एकटीच. कोंगे म्हणजे जमिनीवरच्या गोगलगायी. उन्हाळाभर शंखाचं तोंड झाकणाने मिटून मातीत पडून राहतात, पावसात वर येऊन ओल्या पाल्याखाली अंडी घालतात. काकी शंखाच्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवी. कड जाड असली तर पिशवीत, पातळ असली तर परत. "पोर आसा ता. वाढांदे."

गेल्या वर्षी तो उतार विकला गेला आणि सपाटीकरणाचं मशीन आलं. काकीने जाड कडेचे कोंगे गोळा केले, पण चुलीवर काही चढलं नाही. तिने ते परसातल्या फणसाखाली, पालापाचोळ्यात सोडले. मी शेजारची, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच.

"काकी, रस्सा नाही करायचा?"

"आवशी-बापूस ते. रश्शात घालू?" मग हळूच म्हणाली, "हय अंडी घालतले मां गो?"

"माहीत नाही. पुस्तकातही सापडलं नाही."

"मगे पुस्तक बदल!" ती हसली, पण कोंबड्या त्या दिवसापासून कोंडलेल्याच राहिल्या.

चतुर्थी आली. वाडीत सर्वांत स्वच्छ परसदार काकीचं असायचं. दुसऱ्यांच्या कचऱ्यावर तीच बोलायची. त्या वर्षी फणसाखाली घोटाभर पाला कुजत होता. डिचोलीहून आलेल्या तिच्या जावेने नाकाला पदर लावला.

"वच्छे, घरात गणपती आणि परसात ह्या काय? झाडूक नाय? वाढवण मोडली काय तुजी?"

"थय बाळंतीण आसा. आवाज करू नको," काकी म्हणाली.

सगळे हसले. काकीही हसली. पण आरती चालू असताना ती दोनदा मागच्या दारात जाऊन आली. कुणी लाजेखातर परस्पर झाडून टाकील, याची तिला धास्ती होती.

पुढे ती आजारी पडली. लेक तिला कारापूरला घेऊन गेली. रोज फोन यायचा. "झाडूक नाय मां? पिल्ला दिसली?"

खोटं सांगावं असं फार वाटायचं. शेवटच्या फोनवर मी खरं तेच सांगितलं, "नाही दिसली, काकी."

मग ती म्हणाली, "बरा. दिसली आसती तर कोणीतरी खाल्ली आसती."

दोन दिवसांनी ती गेली. पाला तसाच आहे. खाली काय आहे ते उकरून बघायचं धाडस मला अजून होत नाही.