हाकमावशी

हाकमावशी आमच्याकडे यायला निघाली की ती दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा. वळणावरच्या पिंपळापासूनच ती ओरडायची, "मी गिरजा होऽ! एकटीच हाय!" मग फाटकाशी पुन्हा एकदा, आणि दाराशी तिसऱ्यांदा. दार सताड उघडं असलं, मी समोरच जवारी पाखडत बसलेली असले, तरी तिसरी हाक व्हायचीच. सोबत कोणी असलं तर त्याचंही नाव ती सांगायची. "मी गिरजा होऽ! संगं सुमन हाय!" सुमन म्हणजे मी.

मी वांकिडीकडची. लग्न होऊन पैनगंगेकाठच्या या गावात आले तेव्हा सतरा वर्षांची होते. हाकमावशी आमच्या वळणापलीकडे एकटी राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मला मोठ्यानं बोलायची लाज वाटते, तेव्हाही वाटायची. मी तिच्या घरी चोरपावलांनी जायची आणि एकदम समोर उभी राहायची. ती इतकी दचकायची की हातातलं भांडं खाली पडायचं. "काय व पोट्टी! तुहा आवाज माहेरीच ठेवून आली काय? आदी नाव सांगत जाय, मंग पाय टाक."

अशी हाक द्यायची सवय गावातल्या जुन्या लोकांना थोडीफार होतीच. निजामी राज्याच्या शेवटच्या दिवसांत बंदूकवाल्यांच्या टोळ्या गावोगाव फिरत. लोक कडब्यात, माळ्यावर, धान्याच्या पेवात लपत, आणि ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय बाहेर येत नसत. तो काळ गेला, सवय राहिली. आमच्या गावात जुन्या घराला नदीच्या बाजूनं एक लहान दार असतंच. माझ्या मुलानं स्लॅबचं घर बांधलं तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "इकडं दार कशाला?" मुलाला काही सांगता आलं नाही, पण दार ठेवलं.

मावशी बिस्कीट खात नसे. पाहुण्यांच्या घरी बशीत आलं तर बशी हळूच दुसऱ्याकडे सरकवायची. पोरं मुद्दाम तिच्या हातावर ठेवायची आणि ती ते कुत्र्याला घालायची. खाकी कपड्याचंही तसंच. एकदा जंगलखात्याचा एक माणूस उटनूरकडे जाताना पाणी मागायला थांबला. तिनं तांब्या भरून दिला, पण ओट्याच्या कडेला ठेवून चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. तो गेल्यावर मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "वर्दीच्या आत कोन हाय ते वर्दीवरून कळत नाही, व."

दरवर्षी सप्टेंबरात शाळेत झेंडा लागतो. राज्य गेलं त्या दिवसांची आठवण म्हणून. भाषणात दोन बायांची नावं घेतात. एक दौलतबाबांची आई आणि दुसरी मावशीची आई. दोघी पेवात लपल्या होत्या, दुश्मनानं पेवाचं तोंड दाबून त्यांना मारलं, असं सांगतात. दौलतबाबा त्याच पेवातून जिवंत निघाले, चार वर्षांचे होते. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत. मावशीलाही दरवर्षी बोलावणं यायचं, पण त्या दिवशी ती हटकून शेतात निंदायला जायची.

तिच्या शेवटच्या सप्टेंबरात मात्र तिला ताप होता. घरीच पडून होती. मी तिच्या उशाशी बसले होते. शाळेच्या भोंग्यातून भाषण ऐकू येत होतं. पेवाचं वाक्य आलं आणि ती उठून बसली.

"कोनी तोंड दाबलं नाही व, सुमन," ती म्हणाली. "मी हाक मारली नाही."

मग तिनं सांगितलं. पेव म्हणजे जमिनीखाली जवारी साठवायची खोल जागा, तोंड एवढंसं. सकाळी दोघी बाया दौलतला घेऊन आत उतरल्या. वर शिळा सरकवली, कडबा टाकला. पेवातली हवा वाईट असते हे सगळ्यांना माहीत होतं, पण घडीभराचा प्रश्न होता. गिरजा नऊ वर्षांची. तिला शेळी घेऊन वर बसवलं, शेळी चारणाऱ्या पोरीकडे कोण बघतो म्हणून. बंदूकवाल्यांच्या गाड्या गेल्या की नाव घेऊन हाक मारायची, एवढंच काम. बंदूकवाले आले, घरं धुंडाळली, दुपारच्या आत निघून गेले. ती हाक मारायला उठली तेवढ्यात नदीकडून पुन्हा धूळ दिसली. पुन्हा गाड्या, पुन्हा खाकी.

"ते आपल्याले सोडवायले आलते, म्हणे. मले काय मालूम? वर्दी तं तेच. चिचेखाली बसले, चहा केला. एकानं मले बिस्कीट देल्लं. भुकी होती, खाल्लं मी. खात बसली, व. खाली माय होती अन् मी खात बसली."

उन्हं उतरल्यावर ते भारताचे सैनिक पुढे गेले. तेव्हा तिनं हाक मारली. आतून फक्त एका लेकराचं रडणं आलं.

मी तिचा हात धरला. तीच बोलत राहिली. "आदी आमी लपलो. मंग राज्य बदललं तं मशिदीमागची गल्ली लपली. रशिदा माही जोडीदारीन होती. ते लोक रानात गेले ते गेलेच. तिले तं कोनी हाकच मारली नाही." ती गल्ली मी पाहिली आहे. आता तिथं नुसते कडुनिंब आहेत.

मग म्हणाली, "मले दौलतकडं ने."

"ताप उतरू दे, मावशी."

"दौलत मले अक्का म्हनते. भाऊबीजेले येते. हे आयकून येईन का नाही, कोन जाने. पन न सांगता मेली तं ते अक्का खोटी."

तिला दुसरं कोणी नव्हतं. भाऊ म्हणून होता तो एक दौलतबाबा. तोही तुटेल म्हणून ती इतकी वर्षं गप्प होती, आणि आता स्वतःच निघाली होती. मी तिला धरून नेलं. दौलतबाबांच्या घराजवळच्या वळणावर तिनं हाक दिली. आवाज बसला होता, तरी दिली. "मी गिरजा होऽ! संगं सुमन हाय!"

दौलतबाबा नुकतेच शाळेतून आले होते. सदऱ्याला कागदी झेंडा तसाच होता. मावशी बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, बिस्किटासकट. दौलतबाबा खाटेवर बसून जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे आम्हाला जा म्हणतील.

"मले एकच आठवते," ते म्हणाले. "मायनं मले डोक्याच्या वर धरलं होतं, फटीकडं. दोन्ही हातानं. मंग तिचे हात ढिले पडले. मंग वरून कोनी तरी मायचं नाव घेऊन ओरडून राह्यलं होतं. ते तू होती."

"उशीर केला मी, दौलत."

"केला." त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुहीबी माय गेली ना त्या दिसी. एवढ्या वर्सांत मी तुले कदी इचारलंच नाही." आणि आत तोंड करून सुनेला ओरडले, "अक्काले चहा टाक व! बिस्कीट नोको आनू."

तेव्हा मावशी खाली बसली.

पुढच्या भाऊबीजेला दौलतबाबा आले. त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी पिंपळापासून हाक आली नाही. मी गेले तर ती झोपेतच गेली होती, चेहरा शांत होता. माणसं जमली. दौलतबाबांना कोण सांगणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी म्हटलं, मी जाते.

वाटेत मी शब्द जुळवत होते. म्हाताऱ्या माणसाला एकदम कसं सांगायचं? त्यांच्या वळणावर आले आणि पाय थांबले. तिच्याशिवाय त्या घरी मी कधी गेलेच नव्हते. कोणी ऐकेल, हसेल, असं मनात आलं. तरी मी तोंड उघडलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"मी सुमन होऽ! एकटीच हाय!"

मी फाटकाशी पोचले तेव्हा दौलतबाबा चपला घालून बाहेर उभे होते. त्यांनी मला काही विचारलं नाही.